सुबक आकृती आणि बरोबर आकृती



आपल्या प्रश्नपत्रिकांमध्ये पिढ्यानपिढ्या एक वाक्य चालत आलेलं आहे : 'सुबक व नामनिर्देशित आकृती काढा.' यात सुबक आहे, नामनिर्देशित आहे, पण 'बरोबर' हा शब्द नाही. तो आपण गृहीत धरतो. म्हणून वही तपासताना आपली नजर आधी पेन्सिलीच्या टोकावर, रेषेच्या सरळपणावर आणि नावांच्या अक्षरावर जाते. बाण कुठून कुठे गेला, त्या बाणाचा अर्थ काय आणि एकाच आकृतीत तो दोन ठिकाणी दोन वेगळे अर्थ तर सांगत नाही ना, हे पाहायला वेळ उरत नाही.

आज मला याच विषयावर लिहायचं आहे, पण थोडं लांबून, सॉफ्टवेअरच्या बाजूने. हल्ली पालक विचारतात, 'आमच्या मुलाला कोडिंगचा क्लास लावू का?' २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही पूर्व माध्यमिक टप्प्यावर, म्हणजे सहावीपासून पुढे, कोडिंगच्या कृती सुचवल्या आहेत. पण सॉफ्टवेअर तयार करणारे लोक कोड लिहिण्याआधी काय करतात, हे सहसा कोणी सांगत नाही. ते बऱ्याचदा आकृत्या काढतात. आणि त्या आकृत्या बरोबर आहेत की नाहीत, हे तपासायला त्यांच्याकडे पक्के, लिखित, गणितासारखे नियम असतात. माझं मत असं आहे की कोडिंगच्या आधी हे तपासणं आपल्या मुलांनी शिकावं. त्याला संगणक लागत नाही. खडू, फळा आणि 'काऊन?' असं विचारणारी मुलं असली की पुरे.

आकृतीलाही व्याकरण असतं

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली छापलं गेलं. त्याआधी लोक मराठी बोलत नव्हते का? बोलत होतेच, उत्तम बोलत होते. पण नियम लिहून ठेवले की 'हे वाक्य चुकलं' असं म्हणणाऱ्याला 'का चुकलं' हे दाखवता येतं. वाद आवडीनिवडीचा राहत नाही.

सॉफ्टवेअरच्या आकृत्यांचं तसंच झालं. १९९० च्या आसपास प्रत्येक तज्ज्ञाची आकृती काढायची पद्धत निराळी होती. कोणी ढगासारखा आकार काढी, कोणी चौकट. मग ग्रेडी बूच, जेम्स रंबॉ आणि इव्हार जेकबसन या तिघांनी आपापल्या पद्धती एकत्र केल्या. त्यातून यूएमएल, म्हणजे युनिफाइड मॉडेलिंग लँग्वेज, ही आकृत्यांची भाषा तयार झाली. नोव्हेंबर १९९७ मध्ये ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संस्थेने ती प्रमाण म्हणून स्वीकारली.

या भाषेत चौकट म्हणजे एक प्रकारची वस्तू, उदाहरणार्थ 'विद्यार्थी' किंवा 'शाळा'. दोन चौकटींमधली रेघ म्हणजे त्यांच्यातलं नातं. रेघेच्या दोन्ही टोकांना आकडे लिहितात. ते सांगतात की या बाजूच्या एकाला त्या बाजूचे किती जोडता येतील. पोकळ त्रिकोणाचं टोक सांगतं की 'हा त्याचा प्रकार आहे'. भरीव काळा हिरा सांगतो की 'हा त्याचा अविभाज्य भाग आहे'.

चिन्हांच्या जोडीला नियम आहेत. त्यातले काही आपल्या जिल्ह्याच्या भाषेत सांगते :

१. 'प्रकार' दाखवणारी साखळी गोल फिरून स्वतःकडे परत येता कामा नये. लोणारसारखं विवरातलं सरोवर हा सरोवराचा एक प्रकार, आणि सरोवर हा जलाशयाचा एक प्रकार, इथवर ठीक. पण कोणी पुढे 'जलाशय हा विवरातल्या सरोवराचा प्रकार' असा त्रिकोण जोडला तर आकृती बाद. मग ती कितीही सुबक असो.

२. संख्येची खालची मर्यादा वरच्या मर्यादेपेक्षा मोठी असू नये. 'कमीत कमी पाच, जास्तीत जास्त दोन' असं लिहिता येत नाही.

३. काळ्या हिऱ्याने जोडलेला भाग एका वेळी एकाच मालकाचा असतो. बुलढाणा जिल्ह्यात १३ तालुके आहेत. मेहकर तालुका एकाच वेळी बुलढाण्याचाही आणि वाशिमचाही, असं दाखवलं तर नियम मोडला.

४. प्रवास दाखवणाऱ्या आकृतीत सुरुवातीच्या काळ्या ठिपक्यातून एकच बाण निघतो, आणि शेवटच्या खुणेतून एकही बाण बाहेर जात नाही.

बघा, यातला कोणता नियम पाचवीच्या मुलाला समजणार नाही?

वंशावळीवर नियम लावून पाहू

आपल्या मुलांना सगळ्यात ओळखीची आकृती म्हणजे वंशावळ. जातीच्या दाखल्यासाठी घरोघरी ती काढली जाते. आणि आपण तर सिंदखेड राजाच्या जिल्ह्यातले. म्हणून चौथीच्या वर्गात फळ्यावर ही साखळी सहज काढता येते : लखुजीराव जाधव, त्यांची कन्या राजमाता जिजाऊ, त्यांचे पुत्र छत्रपती शिवाजी महाराज, त्यांचे पुत्र छत्रपती संभाजी महाराज आणि छत्रपती राजाराम महाराज.

आता मुलांना विचारा, 'वंशावळ बरोबर असायची तर कोणते नियम पाळावे लागतील?' उत्तरं भराभर येतात. कोणी स्वतःचाच पूर्वज असू शकत नाही. प्रत्येकाला आई एकच. आईचा जन्म मुलाच्या आधी.

इथे थोडं थांबायला हवं. 'प्रत्येकाला आई एकच' हा नियम खऱ्या जगासाठी बरोबर आहे. पण आपल्या फळ्यावर लखुजीरावांची आई दाखवलेलीच नाही. नियम जसाच्या तसा लावला तर आपलीच आकृती नापास होईल. म्हणून आकृतीपुरता नियम असा लिहावा लागतो : 'प्रत्येकाला जास्तीत जास्त एक आई.' एका शब्दाचा फरक, पण तो करताना मुलं जो विचार करतात तोच खरा अभ्यास आहे.

आता समजा एखाद्याने चुकून राजाराम महाराजांच्या आईच्या जागी सईबाईंचं नाव लिहिलं. वर लिहिलेले तिन्ही नियम तपासा. साखळी गोल फिरत नाही. आई एकच आहे. आईचा जन्म आधीचा आहे. आकृती पास! पण सईबाईंचं निधन १६५९ साली झालं आणि राजाराम महाराजांचा जन्म १६७० चा. मग मुलंच म्हणतात की एक नियम कमी पडला. चौथा नियम जोडायचा : 'मुलाचा जन्म आईच्या हयातीतला असावा.' तो जोडला की ही चूक कोणीही, अगदी यंत्रसुद्धा, पकडू शकतं. त्यासाठी इतिहास माहीत असण्याची गरज नाही. दोन आकडे ताडून पाहायचे.

आता तिसरी पायरी. सईबाईंच्या ऐवजी कोणी पुतळाबाईंचं नाव लिहिलं तर? त्या १६७० साली हयात होत्या. चारही नियम पाळले गेले. तरीही आकृती खोटी आहे, कारण राजाराम महाराजांच्या मातोश्री सोयराबाई. ही चूक आकृतीकडे कितीही वेळ टक लावून पाहिलं तरी सापडणार नाही. त्यासाठी पुस्तक उघडावं लागेल, जाणत्याला विचारावं लागेल.

म्हणजे 'बरोबर' या एका शब्दाचे तीन थर झाले. पहिला, चिन्हं नियमाप्रमाणे आहेत का. दुसरा, आकृतीतल्या गोष्टी एकमेकींशी जुळतात का. तिसरा, आकृती बाहेरच्या जगाशी जुळते का. पहिले दोन थर यंत्र तपासू शकतं. तिसरा माणसालाच तपासावा लागतो. माझ्या आजच्या म्हणण्याचा सगळा भार या तिसऱ्या थरावर आहे. पण पहिले दोन नीट झाल्याशिवाय तिसऱ्यावर बोलता येत नाही, म्हणून आधी तेच पाहू.

शब्द घसरतात

कोणी म्हणेल, नियम साध्या मराठीत लिहिले की झालं, गणितासारखी भाषा कशाला? एक वाक्य घ्या : 'प्रत्येक वर्गाला एक शिक्षक आहे.'

शहरातल्या मोठ्या शाळेत याचा अर्थ होतो : चार वर्ग, चार शिक्षक. आपल्या द्विशिक्षकी शाळेत पहिली ते चौथी चार वर्ग आणि शिक्षक दोन. तरी वाक्य खरंच आहे, कारण प्रत्येक वर्गाच्या नावापुढे एक शिक्षक लिहिलेला आहे. एकशिक्षकी शाळेतही हेच वाक्य खरं. तीन वेगळ्या परिस्थिती आणि वाक्य एकच. वाचणारा आपल्या सोयीचा अर्थ घेतो. ज्यांनी चारही वर्ग एका खोलीत सांभाळले आहेत त्यांना हा फरक किती मोठा आहे ते सांगायला नको.

यूएमएलच्या आकृतीत 'वर्ग' आणि 'शिक्षक' या चौकटींमधल्या रेघेच्या दोन्ही टोकांना आकडा लिहावा लागतो. शिक्षकाच्या टोकाला 'एक'. वर्गाच्या टोकाला 'शून्य ते कितीही' की 'नेमका एक', हे ठरवल्याशिवाय आकृती पुरी होत नाही. शब्दांनी जे झाकलं ते आकड्याने उघडं पडतं.

पण सगळंच रेघेच्या टोकाला मावत नाही. 'मुलाचा जन्म आईच्या हयातीतला असावा' हे कोणत्या टोकाला लिहिणार? त्यासाठी ओसीएल, म्हणजे ऑब्जेक्ट कन्स्ट्रेंट लँग्वेज, ही जोड भाषा आहे. तिचं मूळ १९९५ च्या सुमारास आयबीएममध्ये झालेल्या कामात आहे आणि १९९७ पासून ती यूएमएलच्या सोबत आली. ओसीएलमधलं वाक्य काही बदलत नाही, काही करत नाही. ते फक्त विचारतं : 'हे असं आहे ना?' उत्तर एक तर हो, नाही तर नाही. मधलं 'तसं म्हटलं तर आहे' असं उत्तर नाही. आपल्या तोंडी परीक्षेत असं उत्तर मिळालं असतं तर काय बहार झाली असती!

नियम लिहिले की ते तपासणारी साधनंही बनतात. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये डॅनियल जॅक्सन यांनी 'अलॉय' नावाचं साधन तयार केलं. त्याची युक्ती आपल्या कामाची आहे. नियम पुरेसे आहेत का हे पाहायला ते लाखो नोंदी घेत नाही. तीन विद्यार्थी आणि दोन शाळा अशी चिमुकली उदाहरणं घेतं, त्यांच्या शक्य तेवढ्या जोड्या करून पाहतं, आणि नियम पाळूनही काही विचित्र घडतं का ते दाखवतं. बहुतेक चुका लहान उदाहरणातच सापडतात, असा त्यामागचा विचार आहे. आपण गणितात मोठ्या संख्येत अडकलेल्या मुलाला म्हणतो ना, 'आधी दोन आणि तीन घेऊन बघ'? तेच हे.

हे काम आपल्या राज्यातही झालं आहे

हे सगळं परदेशातलं, असं समजू नका. पुण्यात १९८१ साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर ही संशोधन संस्था सुरू केली. भाताच्या तुसाच्या राखेतून पाणी गाळण्याच्या तंत्रावर तिथे काम झालं आणि २००९ मध्ये 'टाटा स्वच्छ' हे गाळणी यंत्र बाजारात आलं, तीच ही संस्था. तिथल्या संगणक विभागाने 'मास्टरक्राफ्ट' नावाची साधनं तयार केली. त्यात सॉफ्टवेअरचा आराखडा मॉडेलच्या रूपात मांडायचा आणि त्यातून बराचसा कोड यंत्रानेच तयार करायचा, अशी पद्धत होती.

याचा अर्थ लक्षात घ्या. आकृतीवरून माणूस कोड लिहितो तेव्हा आकृतीतली बारीक चूक त्याच्या ध्यानात येऊ शकते आणि तो ती दुरुस्त करून पुढे जातो. पण कोड यंत्राने तयार होणार असेल तर आकृतीतली चूक जशीच्या तशी सॉफ्टवेअरमध्ये उतरते. मग आकृती 'समजण्यापुरती' उरत नाही. तीच मूळ दस्तऐवज होते, म्हणून तिची तपासणी कडक लागते. आपल्या मुंबईच्या आयआयटीतही सॉफ्टवेअरची रचना गणिती पद्धतीने तपासण्यासाठी वेगळं केंद्र उभारलं गेलं.

आता खरा प्रश्न : दिवाळीनंतर गेलेलं मूल

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, 'ठीक आहे, पण याचं आम्हाला काय?' आपल्याला काय, ते सांगते.

आपल्या जिल्ह्यातून दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणारी कुटुंबं आहेत. त्यांच्याबरोबर मुलंही जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परत येतात. या मुलांची नोंद कुठल्या ना कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये असते, आणि त्या सॉफ्टवेअरच्या मागे कोणी तरी काढलेली आकृती असते. इथे मी कोणत्याही चालू पोर्टलबद्दल बोलत नाही. आपण स्वतःच एक आकृती काढू आणि तपासू.

पहिली आकृती : 'विद्यार्थी' आणि 'शाळा'. शाळेच्या टोकाला आकडा 'नेमकी एक'. हा नियम उगाच आलेला नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली ती आपल्याला आठवते. एकच मूल दोन पटांवर दिसणं ही खरी अडचण होती, आणि 'एक मूल, एक शाळा' हा तिच्यावरचा रास्त उपाय आहे.

पण हंगामात ते मूल कारखान्याजवळच्या शाळेत बसलं तर? 'नेमकी एक' या आकड्यामुळे एक तर जुनी शाळा पुसावी लागेल, नाही तर नवीन शाळेने त्याला बिननोंदीचं बसवावं लागेल. आणि ते कुठेच बसलं नाही तर 'नेमकी एक' हा नियम त्याला कुठल्या तरी शाळेत असल्याचं दाखवायला भाग पाडेल. नियम चिन्हांच्या दृष्टीने बरोबर, पण आकृतीत वेळ नावाची गोष्टच नाही.

दुरुस्ती काय? मधे तिसरी चौकट आणायची : 'प्रवेशनोंद'. तिला दोन तारखा, पासून आणि पर्यंत. एका विद्यार्थ्याच्या अशा नोंदी कितीही असू शकतात. आणि नियम ओसीएलच्या पद्धतीने लिहायचा : कोणत्याही विद्यार्थ्याच्या, कोणत्याही तारखेला, चालू नोंदी एकापेक्षा जास्त नसाव्यात. आता दोन पटांवर एक मूल हेही थांबलं आणि आपलं हंगामी मूलही आकृतीत मावलं. नियम ढिला केलेला नाही. तो नेमका केला आहे. कडकपणा आणि माणुसकी यांच्यात भांडण असतंच असं नाही. बहुतेक वेळा नियम नीट लिहिलेला नसतो, एवढंच.

दुसरी आकृती : त्या मुलाचा प्रवास. 'शिकत आहे', 'गाव सोडून गेलं', 'दुसऱ्या शाळेत शिकत आहे', 'प्राथमिक शिक्षण पूर्ण' अशा अवस्था आणि त्यांच्यामधले बाण. यू-डायस प्लसवर काम करणाऱ्या प्रत्येकाला 'ड्रॉपबॉक्स' हा शब्द माहीत आहे. जुन्या शाळेतून निघालेलं आणि नव्या शाळेने अजून न घेतलेलं मूल तिथे दिसतं. म्हणजे तीही एक अवस्थाच.

तपासणारे इथे काही ठरलेले प्रश्न विचारतात. प्रत्येक अवस्थेपर्यंत पोहोचायला वाट आहे का? शेवटची सोडून प्रत्येक अवस्थेतून बाहेर पडायला वाट आहे का? एकाच प्रसंगी दोन बाण दोन दिशांना तर नेत नाहीत ना?

समजा आपल्या आकृतीत 'गाव सोडून गेलं' मधून एकच बाण निघतो, तो 'दुसऱ्या शाळेत शिकत आहे' कडे. मग तिथून एक बाण परत 'शिकत आहे' कडे. तिन्ही प्रश्नांची उत्तरं ठीक. आकृती पास. पण जे मूल कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळत बसलं, कुठल्याच शाळेत गेलं नाही, आणि मार्चमध्ये परत येऊन आपल्या दारात उभं राहिलं, त्याच्यासाठी बाण कुठे आहे? नाही. शाळेला ते दिसतं, शिक्षकाला दिसतं, आकृतीला दिसत नाही.

यावरही एक पद्धत आहे आणि ती चौथीच्या मुलालाही जमते. तक्ता आखायचा. डाव्या बाजूला सगळ्या अवस्था, वरच्या ओळीत सगळे प्रसंग : गाव सोडलं, दुसरीकडे दाखल झालं, गावी परत आलं, परीक्षा झाली. प्रत्येक घरात लिहायचं, या अवस्थेत हा प्रसंग घडला तर पुढे काय. एकही घर रिकामं सोडायचं नाही. एखादी गोष्ट घडूच शकत नसेल तर तसं स्पष्ट लिहायचं. हा तक्ता आखला की 'गाव सोडून गेलं' आणि 'गावी परत आलं' यांचं घर रिकामं दिसतं, आणि चूक सापडते.

पण वरच्या ओळीत 'गावी परत आलं' हा प्रसंगच कोणी लिहिला नसता तर? मग तक्ता पूर्ण भरलेला दिसला असता. रिकामं घर नाही, यंत्राची तक्रार नाही, सगळं हिरवं. तो प्रसंग लिहिणार कोण? ज्याने मार्चमध्ये ते मूल दारात उभं पाहिलं आहे तोच. म्हणजे तुम्ही आणि मी.

म्हणून माझं ठाम मत आहे की विद्यार्थ्यांच्या नोंदींची कोणतीही पद्धत ठरताना तिची आकृती दोन-तीन शिक्षकांसमोर फळ्यावर काढावी. तीही वेगवेगळ्या ठिकाणच्या : एक ऊसतोडीच्या गावचा, एक शहरातला, एक सातपुड्याच्या पायथ्याच्या संग्रामपूर किंवा जळगाव जामोदकडचा. त्यांना कोड कळायची गरज नाही. त्यांना एवढंच विचारावं : 'या तक्त्यात कोणता प्रसंग राहिला?' तासाभराचं काम आहे. सॉफ्टवेअर तयार झाल्यावर तीच चूक निस्तरायला किती शाळांचे किती दिवस जातात, ते आपण जाणतोच.

आणि आपणही 'हे संगणकवाल्यांचं काम' म्हणून हात झटकू नयेत. नवीन फॉर्म आला की आपण तो भरतो आणि कुरकुर करतो. त्याऐवजी 'अमुक अवस्थेत अमुक प्रसंगाला पर्याय नाही' असं एका ओळीत लिहून कळवलं, तर समोरच्याला नेमकं काय दुरुस्त करायचं ते समजतं. नेमकी तक्रार टाळणंही अवघड असतं.

वर्गात काय करता येईल?

काही जण म्हणतील, 'मॅडम, आमची मुलं अजून वाचनात अडखळतात, तुम्ही हे कुठलं नवीन काढलं?' आक्षेप योग्य आहे. पायाभूत वाचन आणि गणित आधी, यात दुमत नाही. पण मी वेगळा तास मागत नाही. जी आकृती आपण काढतोच, तिला पाच मिनिटं जोडायची आहेत.

अन्नसाखळी घ्या : गवत, नाकतोडा, बेडूक, साप. बाण कोणाकडून कोणाकडे? अनेक मुलं बाण खाणाऱ्याकडून खाद्याकडे काढतात, कारण त्यांच्या मनात वाक्य असतं 'बेडूक नाकतोड्याला खातो'. पाठ्यपुस्तकातला बाण सांगतो की अन्न कोणाकडे जातं. 'बाण उलटा आहे' असं म्हणून लाल पेन चालवण्याआधी फळ्यावर बाणाचा अर्थ लिहा. मग तीन नियम मुलांकडूनच काढून घ्या : सुरुवात हिरव्या वनस्पतीपासून, प्रत्येक बाणाचा अर्थ एकच, साखळीत कोणी स्वतःकडे परत येत नाही. नंतर वह्या बदलून एकमेकांच्या आकृत्या तपासू द्या. अट एकच : 'चूक' म्हणायचं असेल तर कोणता नियम मोडला ते सांगायचं.

यातला तिसरा नियम मुद्दाम ठेवला आहे. एखादं चौकस पोर विचारेल, 'साप मेल्यावर मातीत जातो, मातीतून गवत वाढतं, मग साखळी गोल झाली ना?' शाब्बास! तिथे मुलाला गप्प करू नका. त्याने नियमावरच प्रश्न विचारला आहे. आपली आकृती कशासाठी आहे, विघटक तिच्यात घ्यायचे की नाही, यावर चर्चा होऊ द्या. नियम पाळणं शिकवायचं आहे, आणि नियम कुठे अपुरा पडतो ते ओळखणंही.

जलचक्रात उलट नियम सांगा : इथे प्रत्येक अवस्थेतून बाहेर पडायला वाट असलीच पाहिजे, नाही तर पाणी एका ठिकाणी अडकलं. गावाच्या नकाशात सूची आणि दिशा तपासा. वंशावळीत तारखा तपासा.

पालकांसाठी एवढंच : मूल आकृती काढून दाखवेल तेव्हा 'छान आहे' म्हणा, आणि लगेच विचारा, 'या बाणाचा अर्थ काय? यात काही राहिलंय का?' या दोन प्रश्नांना पैसे पडत नाहीत. महागड्या क्लासमध्ये मूल पडद्यावर मांजर पळवायला शिकेल, त्यात वाईट काही नाही. पण आपण काढलेल्या आकृतीत कोण राहून गेलं, हे विचारायची सवय घरी आणि शाळेतच लागते.

ही सवय लागलेलं एखादं मूल उद्या कुठल्या तरी कार्यालयात अशाच नोंदींची आकृती काढायला बसेल. तेव्हा चौकटी, रेघा, आकडे सगळं नियमात बसवून झाल्यावर त्याने हात थोडा थांबवावा आणि शेजारच्याला विचारावं, 'उसाला गेलेल्या पोराचं यात काय होतं?'

तुमच्या शाळेत कोणती आकृती मुलं हमखास चुकवतात आणि तिच्यासाठी तुम्ही कोणते नियम कराल, जरूर कळवा.